बिनखिशाच्या माणसाचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे गड, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु गड बांधणारा माणूस आपली सुपारी कशात ठेवीत होता, पैसा कोठे खोचीत होता, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे. तो आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. त्यासाठी आरंभी थोडे दूर, जपानात जाऊ.

जपानी किमोनोला खिसा नसे. बाहीत थोडेफार मावे. पण तंबाखूची पिशवी किंवा औषधाची डबी लोक कमरेच्या पट्ट्याला लोंबती ठेवीत. तिची दोरी पट्ट्याआडून वर काढावयाची आणि ती निसटू नये म्हणून टोकाला एक गुंडी बांधावयाची. या गुंडीचे नाव नेत्सुके. एकावर एक कप्पे बसणारी डबी ती इन्रो, आणि दोरी आवळणारा मणी तो ओजिमे. सतराव्या शतकापासून तेथील कारागिरांनी लाकूड, हस्तिदंत आणि शिंग यांत अंगठ्याएवढे उंदीर, भिक्षू आणि राक्षस कोरले. एकही अणकुचीदार टोक बाहेर येऊ द्यावयाचे नाही, कारण ते वस्त्रात अडकेल किंवा मोडेल; आणि दोरी ओवण्यासाठी दोन भोके ठेवावयाची. नेत्सुकेचा तो गोटीव, हाताला सुखावणारा घाट असा उपयोगातूनच जन्मला.

1868 नंतर जपानात पाश्चात्त्य पोशाख आला. त्याच्याबरोबर खिसा आला, सिगारेट आली, आणि नेत्सुकेचे काम संपले. घरच्यांना जी वस्तू निरुपयोगी झाली, तीच परदेशी प्रवाशांना अपूर्वाईची वाटली. बघता बघता हजारो नेत्सुके युरोप-अमेरिकेत गेल्या. त्या वाचल्या खऱ्या, पण बहुतेकींबरोबर वापरणाऱ्याचे नाव-गाव गेले नाही.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या धोतरालाही खिसा कोठे होता? पैसा कनवटीला, पानसुपारी चंचीत, बायकांचा ऐवज बटव्यात. म्हणूनच आपल्याकडे चुनाळे आले, नक्षीची डबी आली, आणि पोपटाच्या, मोराच्या, घोड्याच्या आकाराचे पितळी अडकित्ते आले. सुपारी कातरावयास साधी पाती पुरली असती. पण रोज हाताळावयाची वस्तू नेटकी असावी, ही हौस जपानी माणसाची तशीच आपलीही. पुढे सदऱ्याला खिसा आला आणि कातरलेली सुपारी पुडीत मिळू लागली. फरक पडला तो येथे. जपानी वस्तूंना परदेशी गिऱ्हाईक भेटले. आपल्या वस्तूंना भेटली ती मोड. पितळ कासाराच्या तराजूत आणि चांदी गुजरीतल्या मुशीत गेली.

या वितळण्याला पुण्याच्या एका गृहस्थांनी आडवा हात घातला. दिनकर गंगाधर केळकर 1896 साली जन्मले. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत आणि चष्म्यांचे दुकान चालवीत. संस्थानिकाची दौलत त्यांच्यापाशी नव्हती. तरीही गावोगाव हिंडून त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या आणि पानाचे डबे जमविले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणी वारलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले, आणि 1975 साली 20,000 च्या आसपास वस्तूंचे हे धन महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. तलवारी पुष्कळांनी जमविल्या. वज्री जमविण्याजोगी आहे हे ओळखावयास निराळी दृष्टी लागते.

पण जमविणे पुरेसे आहे काय? याचे उत्तर आपल्या कोल्हापुरातच आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 साली डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्या टेकडीने दिलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती टाउन हॉलमधील संग्रहालयात आहे. हीच मूर्ती एखाद्या व्यापाऱ्याच्या पेटीतून निघाली असती, तर एक सुबक परदेशी बाहुली एवढेच तिचे मोल झाले असते. ती ब्रह्मपुरीची आहे हे माहीत असल्यामुळेच दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन जगाशी या गावाचा संबंध होता, याची ती साक्ष देते. साक्षीदाराचे गाव पुसले की साक्ष संपली.

1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरील कलावस्तू खाजगी रीतीने देशाबाहेर नेण्यास बंदी केली. हस्तिदंताचा व्यापारही कायद्याने बंद आहे. परंतु घरातली वस्तू मोडीत जाण्यापासून आणि तिची हकीकत विस्मरणात जाण्यापासून कोणता कायदा वाचविणार? ते काम घरच्यांनीच केले पाहिजे.

म्हणून आमचे आपल्याकडे मागणे लहान आहे. माळ्यावरच्या डब्यात अडकित्ता असेल, चुनाळे असेल, तर ते विकण्यापूर्वी किंवा घासून लखलखीत करण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: ही वस्तू कोणाची, कोठून आणली, कशी वापरीत, हिला काय म्हणत? उत्तर चिठ्ठीवर लिहून वस्तूबरोबर ठेवा. वस्तू कपाटात आणखी शंभर वर्षे राहू शकेल; ती सांगणारी माणसे तितकी थांबणार नाहीत.