‘स्व’ आला कुठून?

‘ऑटिझम’ या शब्दाचं माहेर झुरिकचं, आणि तिथे त्याचा लहान मुलांशी काही संबंध नव्हता. मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१०च्या सुमारास ग्रीक ‘ऑटोस’वरून, म्हणजे ‘स्वतः’वरून, तो घडवला. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण बाहेरचं जग सोडून आपल्याच कल्पनांत बुडतात, त्या अवस्थेला.

मुलांपर्यंत तो पोचला बाल्टिमोरमध्ये. १९३८ साली डॉ. लिओ कॅनर यांच्या हाती मिसिसिपीतल्या एका वकिलाने टाइप करून पाठवलेली मुलाची हकीकत पडली, पानं तेहेतीस! पाच वर्षांचा डोनाल्ड भांडी, ठोकळे गरगर फिरवत बसतो. बाप घरी आला तरी मान वर करत नाही. हे लिहिणारा बापच. बूट काढून हवा असला, की डोनाल्ड आईला म्हणे, तुझा बूट काढ. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं. आपल्याकडची काही ऑटिस्टिक मुलंही तहान लागली की ‘पाणी हवं का तुला?’ म्हणतात, ते हेच.

१९४३ साली कॅनरनी अशा ११ मुलांवर निबंध लिहिला आणि ब्लॉयलरांचा शब्द उसना घेतला. ‘मी’ न म्हणणाऱ्या मुलांना नाव पडलं ते ‘स्व’वरून! (मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच सहा मुलग्यांबद्दल १९२६ सालीच जर्मनमध्ये लिहिलं होतं. नाव मात्र वेगळं दिलं.) उसन्या शब्दाबरोबर जुना वासही आला. अमेरिकी निदानपुस्तिकेत ही मुलं १९८०पर्यंत स्किझोफ्रेनियाच्याच खात्यात होती. ‘स्पेक्ट्रम’, म्हणजे ऑटिझमच्या अनेक छटा असतात, हा विचार रुजवला तो लंडनच्या लोर्ना विंग यांनी; त्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती.

मराठीने ‘स्वमग्नता’ केलं. त्यातलं ‘मग्न’ मला पटतं, ‘स्व’ नाही. डोनाल्ड मग्न होता तो गरगरणाऱ्या भांड्यात.

नाव कुठलंही द्या, ऑटिझम आहे की नाही हे आजही रक्त तपासून किंवा स्कॅन काढून ठरत नाही. वागणं बघायचं आणि बालपण विचारायचं. त्यामुळे चाळिशीतला माणूस निदानासाठी गेला, की शक्य असेल तर सत्तरीच्या आईलाही बोलावतात. लहानपणी हा बोट दाखवून चांदोमामा दाखवायचा का? हाक मारल्यावर वळायचा का? आई आठवत बसते.