ओझं कुठे जातं? बार्शी लाईटच्या इंजिनाची गोष्ट

आगगाडीचा इतिहास म्हटलं की आपण १६ एप्रिल १८५३ पासून सुरुवात करतो. बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, तीन इंजिनं, तोफांची सलामी. ते बरोबरच आहे. पण सोलापुरात उभं राहून बोलताना मला दुसरंच एक इंजिन जास्त विचार करायला लावतं. आपल्याच जिल्ह्यातलं, बार्शी लाईटचं.

जीआयपी कंपनीची मोठी गाडी १८६० मध्ये सोलापूरला पोचली. बार्शी मात्र बाजूला राहिली. कापसाची, धान्याची मोठी पेठ, निजामाच्या मुलखाला लागून असलेली. आणि स्टेशन वीसएक मैलांवर. त्या स्टेशनाचं नाव ‘बार्शी रोड’, म्हणजे आजचं कुर्डुवाडी. पाटीवर बार्शी, आणि बार्शीला जायचं ते बैलगाडीनं!

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत आला होता. त्यानं इथं छोटी रेल्वे घालायचं मनावर घेतलं. सरकारदरबारी बरीच वर्षं गेली आणि १८९५ मध्ये लंडनला कंपनी उभी राहिली. रुळांमधलं अंतर ठरलं अडीच फूट, मोठ्या गाडीच्या निम्म्याहूनही कमी.

आता खरी गंमत बघा. इंजिन केवढं हवं आणि त्याला पेलणारा रूळ किती जाड लागेल, असा सरळ हिशेब करता आला असता. कॅलथ्रॉपनं प्रश्न उलटा केला. स्वस्तात परवडेल असा रूळ यार्डाला तीस पौंडांचा. त्यावर एका आसाचा भार पाच टनांच्या वर जाऊ द्यायचा नाही. आता या अटीत इंजिन बसवा!

ते बसवलं लीड्सच्या किटसन कारखान्यानं. दांड्यांनी एकमेकांना जोडलेली आठ चाकं आणि मागे न जोडलेली चार. एकूण सहा आस. पाच सक तीस. इंजिनाचं सगळं वजन या तीस टनांच्या आत. पण नुसतं हलकं इंजिन रुळावर घसरतं, ओढत नाही. म्हणून आठ चाकं जोडलेली. चार आसांवरचं वजन पकडीला मिळालं आणि रुळालाही इजा नाही. डब्यांनाही तोच नियम: चार आसांचा डबा भरून वीस टनांपर्यंत. १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरते रूळ टाकून या गाड्यांची चाचणी झाली आणि १८९७ मध्ये बार्शीला गाडी आली.

पुढे १९०६ मध्ये लाईन पंढरपूरला पोचली. आषाढी-कार्तिकीचे वारकरी या छोट्या गाडीनं जाऊ लागले. १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. इथला अनुभव विलायतेतही गेला: स्टॅफर्डशायरमधल्या १९०४ च्या एका छोट्या लाईनचा इंजिनिअर हाच कॅलथ्रॉप.

इथपर्यंत ही एका हुशार माणसाची गोष्ट झाली. पण मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, मला एक खोड आहे. मी विचारतो, वाचलेला खर्च गेला कुठे?

तो गेला कुर्डुवाडीच्या फलाटावर. रुंदी वेगळी, म्हणून छोट्या गाडीचा डबा मोठ्या लाईनवर जाऊच शकत नाही. कापसाची गाठ असो की ज्वारीचं पोतं, तिथं उतरवायचं आणि पुन्हा चढवायचं. ते कोण करणार? हमाल. प्रवाशानं बोचकं घेऊन गाडी बदलायची, जोडगाडीची वाट बघायची. कंपनीच्या वहीत रूळ स्वस्त पडला. फरक भरला तो हमालाच्या पाठीनं आणि प्रवाशाच्या वेळानं. १९५४ मध्ये लाईन सरकारनं घेतली, तरी हे चालूच राहिलं. रुंदीकरण पुरं व्हायला एकविसावं शतक उजाडलं.

मग कॅलथ्रॉप चुकला का? मला तसं वाटत नाही. मोठ्या गाडीची वाट बघत बसली असती तर बार्शी आणखी किती वर्षं बैलगाडीवरच राहिली असती, कोण जाणे. छोटी का होईना, गाडी आली.

पण त्याच्याच इंजिनाकडून एक गोष्ट शिकावी. ओझं नाहीसं होत नाही, ते वाटलं जातं. इंजिनाचं ओझं त्यानं सहा आसांवर नीट मोजून वाटलं. फलाटावरचं ओझं मात्र कुणी मोजलं नाही. यापुढे कुणी एखादी स्वस्त योजना दाखवली, तर एवढंच विचारा: हिच्यातलं कुर्डुवाडी कुठे आहे?