जिथे सायकलीवरून उतरावे लागले : मुंबईच्या पृथ्वीप्रदक्षिणेची गोष्ट

१५ ऑक्टोबर १९२३. मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवर स्वार होऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कपाडिया. सहाही जण बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद. पुढे यांची कहाणी ‘सायकलवीरांची’ म्हणून सांगितली गेली. परंतु तिचे मूळ आहे एका पादचाऱ्यात.

युरोपातून चालत हिंदुस्थानात आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाचे व्याख्यान त्यांनी ओव्हल मैदानावर ऐकले होते. पायी जग पाहता येते, तर दोन चाकांवर का नाही, या ईर्ष्येतून हा बेत जन्मला.

वजने उचलणाऱ्यांनी सायकल का निवडावी, हा प्रश्न आज पडतो. त्या काळच्या मुंबईत तो फारसा कोणाला पडला नसता. १९०४-०५ मध्ये युजेन सँडो हा जगप्रसिद्ध मल्ल हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येऊन गेला होता. (गिरगावापासून लालबागपर्यंत दोरीवर वाळणाऱ्या ‘सँडो’ बनियनचे नाव त्याचेच!) शरीर कमावणे हा तेव्हा केवळ छंद नव्हता. परकीय सत्तेखालील समाजाच्या दृष्टीने तो स्वाभिमानाचाही प्रश्न होता. शिवाय या प्रवासात मांड्यांइतकेच खांदेही कामी येणार होते.

याचे कारण यंत्रात आहे. चढ येताच गिअर बदलावा ही सोय तेव्हाच्या साध्या सायकलीला नव्हती. तूर द फ्रान्ससारख्या शर्यतीतही डिरेलर गिअरला मुभा मिळाली ती १९३७ साली. त्याच शर्यतीत १९१० मध्ये पिरेनीज पर्वतातील तूर्माले खिंड प्रथमच आली, तेव्हा अंतिम विजेता ठरलेला ओक्ताव्ह लापीझदेखील काही अंतर सायकल ढकलत चालला. न उतरता चढ पार करणाऱ्या गुस्ताव्ह गारिगूला त्याबद्दल वेगळे बक्षीस मिळाले! व्यावसायिक शर्यतपटूंची ही अवस्था, तर सामानासह निघालेल्या मुंबईकरांची काय असेल? पर्वत आला की सायकलस्वाराचा पदयात्री होणे अटळ होते.

पंजाब, बलुचिस्तान, इराण, मेसोपोटेमिया, सीरिया, सिनाई असा मार्ग कापत ते इजिप्तला पोहोचले व जहाजाने इटलीत उतरले. कपाडिया तेहरानहूनच परतले होते. पुढे आल्प्स. रुळलेल्या वाटा टाळून आपण ६,६०० फूट चढलो, असे त्यांनी नोंदवले आहे. म्हणजे सुमारे २,०१० मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहून साडेतीनशे मीटर अधिक उंचीवर त्यांनी सायकली नेल्या.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. १९३१ साली फ्रान्झ व टोनी श्मिड हे बंधू म्युनिकहून सायकलने झरमॅटला गेले आणि मॅटरहॉर्नची उत्तर भिंत प्रथमच सर झाली. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये गिर्यारोहणाचे सुवर्णपदक त्यांना घोषित झाले. श्मिड बंधूंनी सायकली पायथ्याशी ठेवल्या व दोर हाती घेतला. मुंबईकरांना ती मुभा नव्हती, कारण डोंगरापलीकडे त्याच सायकलीवर पुढचा देश गाठायचा होता. त्यांचे चढणे तांत्रिक अर्थाने गिर्यारोहण नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. पण निव्वळ सायकलिंगही नव्हे.

अमेरिकेत संघ आणखी विरला. हाथीराम तेथेच स्थायिक झाले, पोचखानावाला परतले. उरलेले तिघे जपान, कोरिया, चीन, हिंदी-चीन, ब्रह्मदेश असे करत १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत पोहोचले. एकूण सुमारे ७१,००० किलोमीटर.

दरम्यान १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर हा क्रीडापत्रकार मुंबईहून एकटाच निघाला होता. व्हिएन्नात त्याला गुस्ताव्ह स्तावयानिक हा साथीदार लाभला. आल्प्स, सहारा, अँडीज आणि नंतर ॲमेझॉनचे अरण्य. त्या अरण्यात नऊ महिने गेले. १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी व रतन श्रॉफ हे तिसरे पथक अफगाणिस्तानमार्गे निघाले. ते परतले १९४२ साली, ऐन महायुद्धात. अनुप बबानी व साविया व्हिएगस यांनी अलीकडे या साऱ्या प्रवासांचा मागोवा घेतला नसता, तर ही नावे जुन्या पुस्तकांतच पडून राहिली असती.

हकीम, बापासोला व भूमगरा यांच्या ग्रंथाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. तीत त्यांनी लेखकांचा हेवा वाटतो असे म्हटले. हा केवळ शिष्टाचार नसावा. १९१६ साली नेहरू झोजीला ओलांडून अमरनाथच्या दिशेने चढले होते, हिमभेगेत कोसळले होते आणि दोराने बचावले होते. कैलास-मानसरोवर पाहण्याची त्यांची इच्छा मात्र अखेरपर्यंत अपुरीच राहिली.