गुलामांचे मरण



मी ख्रिस्ती नाही आणि पंडितही नाही. माझे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर. कष्टकऱ्यांचा जुना इतिहास चाळताना मी क्रुसापाशी येऊन थांबलो, म्हणून आज चार शब्द बोलतो.

इ. स. पूर्व ७३ साली इटलीतील कापुआ येथून स्पार्टाकस व त्याचे सोबती निसटले आणि हजारो गुलाम त्यांना येऊन मिळाले. इ. स. पूर्व ७१ साली क्रॅससने ते बंड मोडले. जिवंत हाती लागलेल्या सुमारे ६,००० गुलामांना त्याने कापुआपासून रोमपर्यंत रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढविले. नुसता जीवच घ्यावयाचा असता तर तलवार पुरली असती. येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावे आणि धडा घ्यावा, हा त्यात हेतू होता. ही शिक्षा मुख्यतः गुलाम, लुटारू व बंडखोर यांच्यासाठी असे. सभ्य रोमन नागरिकाच्या कानावर क्रुसाचा शब्दही पडू नये, असे सिसेरो इ. स. पूर्व ६३ मध्ये एका भाषणात म्हणाला.

पुढे इ. स. ३० च्या सुमारास जेरुसलेमला, पिलात सुभेदार असताना, सुतारकाम केलेल्या येशूला हेच मरण आले. वर आरोपाची पाटी लाविली: 'यहूद्यांचा राजा'. एका कारखान्याच्या फाटकावर बडतर्फ केलेल्या आमच्या माणसांची यादी लागलेली मी पाहिली आहे. आत जाणारे ती वाचीत आणि मान खाली घालीत. दोन्ही दुःखे एका मापाची नव्हेत. पण पाटी लावणाऱ्याचा हेतू मला ओळखू आला.

अनुयायांनी ही नामुष्की झाकून ठेवावयाची. परंतु पंचवीसेक वर्षांतच पौल करिंथकरांना लिहितो की, मी क्रुसावर मेलेल्याचीच घोषणा करतो, मग जगाला तो मूर्खपणा वाटो. फिलिप्पैकरांना तो सांगतो की, ख्रिस्ताने दासाचे रूप घेतले आणि हे मरणही पत्करले. माणसांचे पाप देवाने स्वतःवर घेतले आणि पुनरुत्थानाने मरणाचा पराभव केला, ही ख्रिस्ती श्रद्धा. लोकांनी तिची टवाळी केली. रोममध्ये १८५७ साली भिंतीवरचे एक जुने ओरखड्यांचे चित्र सापडले. त्यात क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस आहे आणि खाली त्याला वंदन करणारा भक्त.

इ. स. ३१२ नंतर कॉन्स्टंटाईन बादशहाच्या आश्रयाने हा धर्म दरबारात गेला. मग क्रूस राजांच्या मुकुटावर चढला. १०९९ साली अंगावर क्रूस लावलेल्या फौजांनी त्याच जेरुसलेमात कत्तल केली. फटके खाणाऱ्याची खूण फटके मारणाऱ्याच्या हाती गेली.

आपल्या मराठी बायबलात क्रुसाला 'वधस्तंभ' म्हटले आहे. हा शब्द मला फार खरा वाटतो. क्रूस सोन्याचा करून गळ्यात घालता येतो. वधस्तंभ म्हटले की कोणाचा वध, आणि कोणी केला, हे विचारावेच लागते. कापुआच्या रस्त्यावरील त्या ६,००० जणांची नावे कोणी टिपून ठेविली नाहीत. त्यांच्याच मरणाने मेलेल्या एकापुढे आज कोट्यवधी लोक हात जोडतात. ते हात जोडताना रस्त्यावरच्या बाकीच्यांचीही आठवण राहावी, एवढेच माझे मागणे आहे.