वाट खय आसा?

दोन वर्षांपूर्वी, चतुर्थीच्या महिनाभर आधी, काकाने व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. खाली एवढंच लिहिलं होतं : "बघ आणि फोन कर."

तो एक नकाशा होता. तारकर्लीजवळच्या आमच्या वाडीतल्या समुद्राकडच्या जमिनीचा. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातलं एक बाबांनंतर माझं. मुंबईच्या एका पार्टीला ही जमीन हवी होती. नकाशात नारळीची झाडं होती, तरणतलाव होता, सहा कॉटेज होत्या आणि चारही बाजूंनी एक जाड काळी रेघ होती. कंपाउंडची भिंत. आकडा वाचून मी डोंबिवलीच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या मनातल्या मनात अकराने भागाकार केला, हे इथेच सांगून टाकतो.

रात्री फोन केला. काका पैशांबद्दल काहीच बोलला नाही. म्हणाला, "झिला, ह्या कागदार वाट खय आसा?"

मला कळेना, कुठली वाट? मग आठवली. आमच्या खळ्याच्या बाजूने, दोन माडांमधून किनाऱ्यावर उतरणारी जेमतेम बैलगाडीएवढी वाट. ती आमच्याच जमिनीतून जाते, पण आमची एकट्याची कधीच नव्हती. सगळी वाडी तिथूनच समुद्रावर जाते. रापणीचं जाळं तिथूनच खाली उतरतं.

या एका प्रश्नाच्या मागे लागून मी पुढचे काही महिने जे वाचलं आणि विचारलं, ते इथे मांडतोय.

किनारा रिकामा नव्हता

रापण म्हणजे काय, हे बीचवर फोटो काढायला येणाऱ्यांना सहसा माहीत नसतं. एक होडी लांबलचक जाळं घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ मारते आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणून देते. मग चाळीस-पन्नास माणसं दोन रांगांत उभी राहून ते जाळं तास-दोन तास ओढत किनाऱ्याला आणतात. तारली, पेडवे, बांगडे, नशीब असेल तर आणखी काही. मग वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. माझे आजोबा रापणीवर होते. म्हातारी माणसं, विधवा बाया दोराला नुसता हात लावायला यायच्या आणि त्यांनाही पाटीत चार मासे पडायचे, असं काका सांगतो.

या कामाला जागा लागते. जाळं पसरायला, दोर ओढायला, होडी वर घ्यायला, मासळी सुकवायला. कुठली रापण कुठे आणि कोणाच्या पाळीनंतर लागणार, हे ठरलेलं असतं. पर्यटकाला जी मोकळी वाळू दिसते, ती आमच्याकडची कामाची जागा आहे. तिथे भिंती नाहीत म्हणून ती रिकामी वाटते, इतकंच.

आणि ती कुठल्याही कागदावर नाही.

कागद कमी आहेत असं नाही. समोर बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं, तेव्हापासून या किनाऱ्याची नोंद कोणी ना कोणी ठेवतंच आहे. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, काही काळाने परत दिला. १८१२ मध्ये करवीरकरांकडून मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. मग मोजणी आली, सारा आला, पुढे सातबारा आला. सातबाऱ्यावर जमीन आहे, मालक आहे, पीक आहे. जिथे भरतीची रेषा सुरू होते तिथे तो संपतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे भरतीरेषेखालची जागा सरकारची. म्हणजे वरच्या बाजूला आम्ही अकरा जण, खालच्या बाजूला सरकार. मध्ये पिढ्यानपिढ्या दोर ओढणारी वाडी मात्र दोन्ही कागदांवर नाही.

आमच्याकडे वाळूवर एक वेल पसरते, जांभळ्या फुलांची. तिला मर्यादवेल म्हणतात. भरतीचं पाणी कुठवर येतं ते जुनी माणसं तिच्याकडे बघून सांगायची. किनाऱ्याच्या हद्दीची एवढी एकच नोंद वाडीकडे होती.

आडगाव कोणी केलं?

पर्यटनाच्या जाहिरातीत आमच्या किनाऱ्याला 'अस्पर्शित' म्हणतात. शाळेत असताना मला ते आवडायचं. आता त्याचं हसू येतं.

वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती. तिचे पडके अवशेष अजून आहेत. इंग्रजांच्या काळात बेळगावकडचा माल घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात यायचा आणि जहाजात चढायचा. १८८० च्या दशकात मुरगाव बंदराकडे जाणारी रेल्वे झाली आणि घाटावरचा माल तिकडे वळला. वेंगुर्ल्याने काही चूक केली नव्हती. फक्त रूळ दुसरीकडे पडले.

नंतर उरल्या त्या मुंबईच्या बोटी. पोरं गिरणीत जायची ती बोटीने, मनिऑर्डरीवर घर चालायचं, चतुर्थी-शिमग्याला चाकरमानी परतायचे तेही बोटीने. बोट लांब समुद्रात उभी राहायची आणि पडावातून माणसं उतरवायची. पावसाळ्यात तेही बंद. 'कोकणसेवक', 'कोकणशक्ती' ही नावं काका अजून नातेवाइकांसारखी घेतो. १९८० च्या दशकाअखेर ही वाहतूकही आटोपली. कोकण रेल्वे पूर्ण लांबीने सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला.

म्हणजे आमचा किनारा अनादिकाळापासून कोपऱ्यात पडलेला नव्हता. कुणीतरी कुठेतरी घेतलेल्या निर्णयांमुळे तो कोपऱ्यात गेला. आणि तो कोपऱ्यात राहिला म्हणूनच पुढे 'निसर्गरम्य' म्हणून विकता आला.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. जिल्ह्याचा किनारा १२१ किलोमीटरचा. रेल्वे आली, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीला विमानतळ झाला, २०२५ च्या जुलैमध्ये सिंधुदुर्ग किल्ला इतर मराठा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. यातलं काही वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. चाकरमान्याच्या पोराने रेल्वेला नावं ठेवू नयेत. पण या प्रत्येक वेळी आमचा किनारा काय आहे, हे बाहेरून ठरलं. कधी बंदर, कधी आडगाव, कधी बीच.

तेरेखोलच्या पलीकडे

आमच्या दक्षिणेला तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. तिथे रापणीला रांपण म्हणतात. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन मासळी ओरबाडू लागले, तेव्हा गोव्याचे रांपणकार संघटित झाले. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, संघर्ष पेटला. मातान्ही साल्ढाणा हे त्या आंदोलनाचं ठळक नाव. किनाऱ्यालगतचं पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखावं, ही मागणी पुढे कायद्यात आली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा.

पाण्यावरची ही लढाई आमच्याकडेही झाली आणि संपलेली नाही. ट्रॉलरनंतर पर्ससीन आलं, मग रात्री एलईडी दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या बोटी. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. क्षितिजावर दिवे दिसले की काका अजून शिव्या घालतो.

पण गोव्याकडे पाहिलं की दुसरी गोष्टही दिसते. पाण्यासाठी लढणाऱ्यांच्या पाठीमागची वाळू हळूहळू त्यांच्या हातून गेली. चार्टर विमानं आली, हॉटेलं आली, शॅक आले. पाणी राखून ठेवलं तरी होडी वर कुठे घ्यायची, हा प्रश्न राहिलाच.

वीस मीटर, वीस वर्षं

१९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं : भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवा. त्या विचाराचं रूप म्हणजे १९९१ ची सीआरझेड अधिसूचना. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरमध्ये नवं बांधकाम नाही. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी हे अंतर ५० मीटरवर आलं.

हा कायदा नसता तर आमची वाडी केव्हाच गेली असती. पण तोच कायदा वाडीला जाचतोही. काकाने पडवी वाढवून पाहुण्यांसाठी एक खोली काढली, तर त्याला नोटीस आली. मोठ्या माणसाकडे सल्लागार असतो, आर्किटेक्ट असतो, परवानगीचा कागद असतो. काकाकडे आजोबांनी बांधलेलं घर होतं.

त्याच १९९१ च्या अधिसूचनेच्या परिशिष्टात मला एक ओळ सापडली. दोन हॉटेलांमध्ये लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडली पाहिजे. वाचून मी जवळजवळ ओरडलोच. कायद्याला वाट माहीत होती! मग लक्षात आलं की पीडीएफमध्ये 'हॉटेल' हा शब्दच नव्हता. 'खासगी निवास' होतं.

दुसरा शब्द काकाने दिला : वहिवाट. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे की एखादी वाट वीस वर्षं उघडपणे, हक्काने, अखंड वापरात असेल तर तिच्यावर हक्क तयार होतो. आमची वाट वीस काय, शंभर वर्षं सहज वापरात असेल. पण तो हक्क सिद्ध करायचा तर कोर्टात जावं लागतं. साक्षीदार म्हणून उभी राहतील अशी माणसं दरवर्षी कमी होतायत.

मला परवडतं

चतुर्थीला सगळे जमलो. आरती झाली, उसळ-मोदक झाले आणि मग खळ्यात बैठक बसली. मी फोनवर काढलेले सगळे मुद्दे वाचून दाखवले. संस्कृती, वारसा, युनेस्को वगैरे.

चुलतभाऊ शांतपणे ऐकत होता. तो पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेतो. बोटीचं कर्ज आहे त्याच्यावर. म्हणाला, "तुझा बरा आसा. तुका म्हयन्याक पगार गावता. तुका गाव फोटोत दिसतो तसोच होयो."

मला उत्तर सुचलं नाही, कारण ते खरं होतं. मुंबई-पुण्यातल्या आमच्यासारख्यांना गाव जसंच्या तसं हवं असतं, कारण तिथे रोज राहायचं नसतं. पर्यटन नको, हे त्याला सांगायचा मला काय अधिकार? काकीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कमावलेले पैसे पाहुण्यांना घावणे आणि माशाचं सार वाढून आलेत. ते तिच्या स्वतःच्या खात्यात जातात.

मी पाहिलेल्या आणि वाचलेल्या गोष्टींतून मला एक फरक दिसतो. १९८७ मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं. हेतू चांगला होता, पण मच्छीमारांना वाटलं आपली मासेमारी बंद होणार, आणि ते कायम विरोधात राहिले. उलट रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्याच घरांत राहतात, घरचं जेवतात. तिथे कासव जगण्यात गावाचा फायदा आहे. संवर्धन दोन्हीकडे होतं. एका ठिकाणी गावाला विचारलं, दुसऱ्या ठिकाणी कळवलं.

त्या रात्री निर्णय झाला तो माझ्या भाषणामुळे नाही. काकाने पार्टीला फोन लावला, स्पीकरवर. एवढंच विचारलं की, वाट कागदावर दाखवाल का? पलीकडून उत्तर आलं की बीच सरकारी आहे, कोणीही रस्त्याने फिरून जाऊ शकतो. काका म्हणाला, "जाळा डोक्यार घेवन गावभर फिराचा काय?" आणि फोन ठेवला. भावाने मान खाली घातली, पण सही द्या असं पुन्हा म्हणाला नाही.

त्या पार्टीने शेजारची जमीन घेतली. तिथे आता भिंत आहे. पलीकडच्या वाडीचं जाळं आता आमच्या खळ्यातून उतरतं. भावाने तीन महिने माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. आता तिसऱ्या खोलीच्या परवानगीसाठी तो आणि मी मिळून अर्ज करतोय. सोबत वाटेचाही एक अर्ज आहे, वाडीतल्या जुन्या माणसांच्या सह्यांचा. सह्या कमी, अंगठेच जास्त.

गेल्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा सकाळी रापण लागली होती. ओढायला माणसं कमी होती. काकाकडे उतरलेला पुण्याचा एक मुलगा रील काढायला आला आणि फोन खिशात टाकून दोराला लागला. तासाभराने जाळं वर आलं, वाटे पडले. मुलगा निघाला तसा काकाने त्याला हाक मारली आणि दोन बांगडे पुढे केले. तो पैसे काढायला लागला.

"पैशे नको," काका म्हणाला. "दोरयेक हात लावलंस मां? मगे वाटो घे."