पेट्रोल पंपावरचे तिघे, आणि पडद्यावरची नावं

१४ सप्टेंबर १९३०, रविवार. जर्मनीत संसदेची निवडणूक झाली. आधीच्या निवडणुकीत जेमतेम १२ जागा मिळवलेल्या नाझी पक्षाला या वेळी १०७ मिळाल्या. दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, बर्लिनच्या ग्लोरिया-पालास्ट थिएटरात एका नव्या बोलपटाचा पहिला खेळ होता: ‘डी द्राय फॉन डेअर टांकश्टेले’. मराठीत सांगायचं तर ‘पेट्रोल पंपावरचे तिघे’. सकाळी पेपरात निकाल वाचलेली माणसं संध्याकाळी या सिनेमाला येऊन हसली असणार. त्या मोसमात जर्मनीत याच्याइतका दुसरा कुठलाच सिनेमा चालला नाही.

एपिसोडमध्ये आपण वायमार काळातल्या मंदीबद्दल बोललो. हा सिनेमा त्याच मंदीवर आहे, आणि तो विनोदी आहे. विली, कुर्ट आणि हान्स हे तीन श्रीमंत मित्र सहलीहून घरी परततात, तर बँक बुडालेली आणि घरावर जप्ती आलेली. बेलीफ एकेका खुर्ची-कपाटावर सील चिकटवत असतो. त्या सीलवर सरकारी गरुडाचं चित्र असायचं, पण जर्मन लोक त्याला चेष्टेनं ‘कुकूक’ म्हणत. कुकूक म्हणजे आपल्या पावशाच्या कुळातला पक्षी. हे तिघे काय करतात? रडत नाहीत. बेलीफसाहेबांची गाण्यातून विनवणी करतात, आणि तालावर फर्निचर बाहेर जातं. मग उरलेली मोटार विकून ते हमरस्त्यावर पेट्रोल पंप काढतात आणि त्याला नाव देतात ‘कुकूक’! पाळ्या लावून काम करतात, त्यामुळे रोज पेट्रोल भरायला येणाऱ्या लिलियनच्या प्रेमात तिघेही वेगवेगळे पडतात. आपल्या मित्रांचंही तेच झालंय हे कोणालाच ठाऊक नसतं. पुढचा गोंधळ तुम्हीच बघा.

बोलपट तेव्हा इतका नवा होता की आवाजाचं काय करायचं हे जो तो आपापल्या परीनं शोधत होता. दिग्दर्शक विल्हेल्म थिले यांनी रंगमंचावरचा ऑपेरेटा उचलून थेट रस्त्यावर आणला. माणसं मोटारीत, पंपावर, जप्तीच्या वेळी, कुठेही गायला लागतात. डबिंग अजून रुळलं नव्हतं, म्हणून त्याच सेटवर फ्रेंच आवृत्तीही वेगळी चित्रित झाली. इतर बहुतेक नट बदलले, पण लंडनमध्ये जन्मलेली नायिका लिलियन हार्वे दोन्हींत तीच. (प्रभातनं १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोनदा केला, तीच ही पद्धत.)

सिनेमात मैत्रीवरचं एक गाणं आहे. चांगला मित्र ही जगातली सगळ्यात मोठी गोष्ट, असा त्याचा आशय. आजही बहुतेक जर्मन माणसाला ते गुणगुणता येतं. चाल व्हेर्नर रिचर्ड हायमान यांची, शब्द रॉबर्ट गिल्बर्ट यांचे. निर्माते एरिक पोमर. बेलीफ झालेत फेलिक्स ब्रेसार्ट, वकील झालेत धिप्पाड देहाचे कुर्ट गेरॉन. तीन मित्रांपैकी कुर्टच्या भूमिकेत ऑस्कर कार्लवाइस. बारच्या प्रसंगात गातात ते ‘कॉमेडियन हार्मोनिस्ट्स’ हे सहा जणांचं लोकप्रिय पथक. ही सगळी नावं एकत्र घेण्याचं कारण असं, की दिग्दर्शक थिले आणि पथकातले तिघे धरून हे सगळे ज्यू किंवा ज्यू वंशाचे होते. १९३० च्या बर्लिनमध्ये याचं कुणाला विशेष वाटत नव्हतं. सिनेमा काढणाऱ्या ‘उफा’ कंपनीचा मालक आल्फ्रेड हुगेनबेर्ग कट्टर राष्ट्रवादी पुढारी होता, तरी कामाला माणसं हीच होती. कारण ती आपल्या कामात अव्वल होती.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला आणि हुगेनबेर्ग त्याच्या मंत्रिमंडळात गेला. २९ मार्च १९३३ ला उफाच्या संचालक मंडळानं ज्यू कर्मचाऱ्यांचे करार संपवायचा निर्णय घेतला. तसा कायदा अजून झालेलाही नव्हता! कंपनीनं सरकारच्याही पुढे उडी मारली.

आता पडद्यावरच्या तीन मित्रांचं काय झालं ते बघू. कार्लवाइस देशोदेशी भटकत अमेरिकेत पोचला आणि १९४४ मध्ये ब्रॉडवेवर गाजला, तोही नाझींपासून पळणाऱ्या एका ज्यू माणसाच्या भूमिकेत. विली झालेला विली फ्रित्श जर्मनीतच राहिला, नाझी पक्षाचा सदस्य झाला आणि नायक म्हणून काम करत राहिला. हान्सच्या भूमिकेतून नावारूपाला आलेला हाइन्झ र्‍युमानही राहिला आणि देशातला सर्वांत लाडका विनोदी नट झाला. त्याची बायको मारिया बेर्नहाइम ज्यू होती. १९३८ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. तिनं एका स्वीडिश नटाशी लग्न केलं आणि ती स्वीडनमध्ये वाचली. हे त्यानं तिला वाचवायला केलं की स्वतःची कारकीर्द वाचवायला, यावर जर्मनीत अजून वाद होतात. आम्हाला वाटतं, दोन्ही हेतू एकाच माणसात असू शकतात. अशी निवड करायची वेळ आणणारी व्यवस्था मात्र एकच होती.

नायिकेचं वागणं वेगळं निघालं. लिलियन हार्वेनं ज्यू सहकाऱ्यांशी संबंध तोडले नाहीत, गेस्टापोची नजर ओढवून घेतली आणि १९३९ मध्ये जर्मनी सोडली.

ब्रेसार्ट आणि हायमान हॉलिवूडमध्ये पुन्हा भेटले. एर्न्स्ट लुबिचच्या ‘निनोच्का’, ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ आणि ‘टू बी ऑर नॉट टू बी’ या तिन्ही सिनेमांत संगीत हायमानचं आहे आणि पडद्यावर ब्रेसार्ट आहे. शेवटच्या सिनेमात तो शायलॉकचं भाषण म्हणायला आसुसलेल्या एका छोट्या नटाचं काम करतो. ते पाहताना त्या गाणाऱ्या जप्तीतला बेलीफ आठवतोच.

कुर्ट गेरॉन हॉलंडपर्यंत पोचला, पण जर्मन सैन्य तिथेही आलं. त्याच्या जुन्या सिनेमांतले तुकडे कापून नाझींनी १९४० च्या ज्यूद्वेषी प्रचारपटात वापरले. पुढे तेरेझिएनश्टाट छावणीत, ‘इथे सगळं किती छान आहे’ असं दाखवणारा प्रचारपट त्याच्याकडूनच दिग्दर्शित करून घेतला. काम संपल्यावर, ऑक्टोबर १९४४ अखेर, त्याला आउशवित्झला नेऊन मारलं. त्याच्यासोबत त्याची बायकोही होती.

सीगफ्रीड क्राकाउएरसारख्या अभ्यासकांनी या सिनेमाकडे दिवास्वप्न म्हणून पाहिलं. मंदीतल्या लोकांना भुलवणारी गोड थाप, असा आक्षेप आजही घेतला जातो. तो पूर्ण चुकीचा नाही. जर्मनीत त्या वेळी बेकारांची संख्या तीस लाखांच्या घरात होती, आणि त्यातल्या कितीजणांना पेट्रोल पंप काढता येणार होता? पण सिनेमा परत पाहताना आम्हाला दुसरीच गोष्ट जाणवली. दिवाळं, जप्ती, बेकारी हे सगळं त्याला ठाऊक आहे. त्यात गृहीत धरलंय ते इतकंच, की सरकारचा माणूस दारात आला तर तो फर्निचर नेईल, आणि फर्निचर परत मिळवता येतं. तोच सरकारी माणूस पुढे वकिलाला, कवीला आणि खुद्द बेलीफ झालेल्या नटाला न्यायला येईल, ही कल्पना १५ सप्टेंबरच्या प्रेक्षकांना कुठून असणार? आदल्या दिवशीचा निकाल हातात असूनही नव्हती. १९३७ मध्ये सरकारनं या सिनेमावरच बंदी घातली.

युद्धानंतर तो पुन्हा दिसू लागला. १९५५ मध्ये नवी आवृत्तीही निघाली, त्यात विली फ्रित्श नायिकेचा बाप झाला. गाणी पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आली. ती रचणारे कोण होते आणि कुठे गेले, हे मात्र बराच काळ फारसं कुणी विचारलं नाही.

एपिसोड ऐकून सिनेमा बघणार असाल तर जरूर बघा, अजूनही मनापासून हसू येतं. फक्त सुरुवातीची नामावली पुढे ढकलू नका. एकदा थांबवून सगळी नावं वाचा.