वाकलेली चासी आणि लोहाराचा विस्तव

मालमोटारीच्या मागून जाताना कधी कधी एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. गाडी सरळ चाललेली असते. परंतु तिचे तोंड मात्र रस्त्याच्या किंचित बाजूला वळलेले दिसते. खेकड्याच्या चालीची ही गाडी बहुधा पूर्वी कोठेतरी आदळलेली असते आणि तिची चासी, म्हणजे जिच्यावर इंजिन, हौदा व माल हे सारे उभे असते ती पोलादी चौकट, वाकून गेलेली असते. अशी चौकट कारखान्यात न नेता अंगणातच, जॅक, साखळदंड आणि विस्तव एवढ्या साधनांनी सरळ करणारे कारागीर जगात सर्वत्र आहेत. ही विद्या आली कोठून आणि तिच्यावर भरवसा कोठवर ठेवावा, याचा आज थोडा विचार करू.

पहिल्या मोटारींच्या चौकटी पुष्कळशा लाकडाच्या होत्या. पोलादी पत्रा दाबून पन्हळीच्या आकाराचे दोन लांब दांडे करावयाचे आणि आडव्या पट्ट्यांनी ते शिडीसारखे जोडावयाचे, ही पद्धत नंतर रूढ झाली. अमेरिकेतील मिलवॉकी येथील स्मिथ यांच्या कारखान्याला 1906 साली हेन्री फोर्डने 10,000 चौकटींची मागणी नोंदविली, तेव्हा ती लोकांना अचाट वाटली. त्याच कारखान्याने 1921 साली असे स्वयंचलित यंत्रालय उभारले, की त्यातून दर आठ सेकंदांस एक, म्हणजे दिवसाकाठी सुमारे 10,000 चौकटी बाहेर पडू लागल्या. हे यंत्रालय 1958 पर्यंत चालले. मौज अशी, की चौकट घडविण्याचे काम यंत्राने माणसाच्या हातून काढून घेतले. वाकलेली सुधारण्याचे मात्र त्याच्याकडेच राहिले. फोर्डने 1917 साली एक टन ओझ्याची गाडी बाजारात आणली, आणि ती शेतकऱ्यांच्या घरी जाऊन पोहोचली. तिचे पोलाद मऊ होते. खळ्यातले भक्कम झाड, एक साखळी आणि गावचा लोहार एवढ्यावर पुष्कळांचे भागत असे.

तथापि या कामात जोर फार पुढे येतो. आधी येते ते मोजमाप. माल उतरवून गाडी सपाट फरशीवर उभी करावी. दोन्ही दांड्यांवर समोरासमोर असलेली भोके निवडून प्रत्येकातून ओळंबा सोडावा आणि तो टेकेल तेथे खडूने खूण करावी. मग गाडी ढकलून दूर न्यावी. फरशीवर जे ठिपके उरतात, तो चौकटीचा नकाशाच होय. तिरप्या कोनांची अंतरे सुताने मोजली, की चौकट पतंगासारखी तिरकस झाली आहे काय, हे तत्काळ कळते. दांडा मध्ये खचला असेल किंवा चौकट पिळली गेली असेल, तर ते ठिपक्यांवरून उमगत नाही. त्यासाठी दोऱ्या ताणून डोळ्याने पाहावे लागते. जुन्या मालमोटारीत तीन-चार मिलीमीटरांचा फरक खपून जातो. यापुढे गेला, तर टायर झिजत राहतात आणि मालकाचा खिसाही.

जोरासाठी लोहाराजवळ पूर्वी घण होता. इंग्लंडात जोसेफ ब्रामाने 1795 साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि 1851 साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने ते तत्त्व हाताने उचलता येईल अशा जॅकमध्ये आणले. तेव्हापासून एकट्या माणसाला काही टनांचा रेटा देता येऊ लागला. पोलाद मात्र हट्टी असते. रेटा काढला, की ते थोडे मागे येते. म्हणून सरळ रेषेच्या थोडे पलीकडे न्यावे लागते. किती पलीकडे, हे हात शिकतो, पुस्तक नव्हे. ताणलेली साखळी तुटली, तर ती माणूस मारू शकते. जाणता मिस्त्री तिच्यावर जाड गोधडी टाकतो आणि स्वतः बाजूला उभा राहतो.

आता विस्तवाविषयी. आपल्याकडील लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव बसवी, ती लाकडी घेरापेक्षा किंचित लहानच ठेवी. ती तापवून चढवावयाची आणि वर पाणी ओतावयाचे. आखडताना ती सारे चाक घट्ट आवळून घेते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमधील कला व उद्योग यांच्या संग्रहालयाच्या भिंती बाहेर झुकल्या, तेव्हा मोलारने हेच तत्त्व वापरले. दोन्ही भिंतींतून आरपार लोखंडी गज घालून त्याने ते एकाआड एक तापविले, लांबलेल्या गजांचे नट आवळले आणि निवताना गजांनी भिंती आत ओढल्या. चासीच्या बाबतीतही असेच घडते. दांड्याच्या फुगीर बाजूला पाचराच्या आकाराचा भाग तापविला, की तो पसरू पाहतो. भोवतीचे थंड पोलाद त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी जाड होतो. आणि निवताना आखूड होऊन दांडा सरळ करतो. 1903 साली फ्रान्समध्ये फूशे व पिकार यांनी ऑक्सिजन-ॲसिटिलीनचा दिवा सिद्ध केल्यावर हे काम भात्याशिवाय, गाडी जागेवर ठेवून करता येऊ लागले. फरक एवढाच, की धावेवर पाणी ओतणे हा धर्म, तर चासीवर ते ओतणे हा धोका. कारण एकदम थंड केलेले पोलाद ठिसूळ होऊ शकते.

येथेच खरी मेख आहे. जर्मनीतील म्यूनिक येथे योहान बाउशिंगर या प्राध्यापकाने 1880 च्या दशकात आरशांच्या साह्याने अतिसूक्ष्म मापे घेऊन दाखविले, की पोलाद एका दिशेने मर्यादेबाहेर ताणले, तर उलट दिशेने ते पूर्वीपेक्षा लवकर नमते. म्हणजे वाकून सरळ झालेला दांडा दिसावयास पूर्वीसारखा असला, तरी पोलाद पूर्वीचे राहत नाही. मऊ पोलादात ही उणीव पुष्कळ अंशी सोसता येते. ते 650 अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे सावलीत जेमतेम दिसणाऱ्या मंद लालीपर्यंत, तापविले तरी बिघडत नाही. उन्हात तीच लाली दिसत नाही आणि कारागीर नकळत पुढे जातो. परंतु अवजड गाड्यांच्या पुष्कळ चौकटी आता उष्णतेचे संस्कार करून बळकट केलेल्या पोलादाच्या असतात. त्यांचे बळ त्या संस्कारातच असते. आजोबांची चासी ज्या विस्तवाने वाचविली, तोच नातवाची चासी निकामी करतो, आणि वरून काही दिसत नाही.

आपल्याकडे ही विद्या गरजेतून वाढली. महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावातल्या गाड्या आल्या. 1954 साली जमशेदपूरला टाटांनी जर्मन कंपनीच्या सहकार्याने मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला. इंदूरवरून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता किंवा बेळगाववरून जाणारा पुणे-बंगळूर रस्ता यांच्या कडेला जे मिस्त्री बसले, त्यांनी या चौकटी हाताखालून घातल्या. गाडीची कायद्यातील ओळखच चासीवर कोरलेल्या क्रमांकात असल्यामुळे ती टाकून नवी घेण्यापेक्षा सरळ करून घेण्याकडे मालकाचा कल असतो. यात मालकाचा लोभ नेहमीच असतो असे नाही. पुष्कळदा कर्जाचा हप्ता असतो. घाटात मात्र त्या दांड्यावर भिस्त असते ती चालकाची, आणि त्याला सहसा कोणी विचारीत नाही.

भय असते ते तड्याचे. 1842 साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून पन्नासाहून अधिक माणसे दगावली. पुढे प्रशियात आउगुस्ट व्होलरने वर्षानुवर्षे प्रयोग करून सिद्ध केले, की मर्यादेतलाच भार पुनःपुन्हा पडला, तरी पोलाद तडकते. चासीत असा तडा बहुधा रिवेटच्या भोकाच्या कडेपासून निघतो. तो पकडण्याचा रेल्वेच्या कर्मशाळांतला जुना उपाय घरीही करता येतो. दांडा घासून स्वच्छ करावा, त्यावर रॉकेल चोळून काही वेळ मुरू द्यावे, मग कोरडा पुसून खडूची पातळ पूड फासावी आणि घणाने हलके ठोके द्यावेत. तडा असेल, तर आत शिरलेले रॉकेल पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटविते. अशी रेघ भोकापासून दांड्याच्या कडेकडे जाताना दिसली, तर जॅक खाली ठेवावा आणि तो दांडा पुन्हा रस्त्यावर जाऊ देऊ नये.